लिनक्स टाकून दिलं. पुढे सांभाळणार कोण?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी सुरक्षा दुरुस्त्या देणं थांबवलं. घरगुती वापरकर्त्यांना वर्षभराची वाढीव मुदत मिळाली, तीही नोंदणी केली तर. विंडोज ११ वर जावं म्हटलं तर त्याच्या अटी आड येतात. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. २०१७ च्या आधी घेतलेली बहुतेक यंत्रं इथंच बाद होतात. यंत्र धडधाकट असतं, स्क्रीन स्वच्छ असते, कीबोर्डवरची चार अक्षरं पुसलेली असतात इतकंच. तरी कागदोपत्री ते निकामी ठरतं.

अशी यंत्रं नाशिकच्या गंगापूर रोडवर पावलोपावली आहेत. अशोक स्तंभाकडून निघालं की केटीएचएम महाविद्यालय, उदोजी मराठा बोर्डिंगच्या आवारातलं मराठा विद्या प्रसारक संस्थेचं अभियांत्रिकी महाविद्यालय, पुढे आनंदवल्ली, सोमेश्वर करत रस्ता धरणाच्या दिशेनं जातो आणि गंगापूर धरणाजवळ यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय लागतं. मधल्या सगळ्या पट्ट्यात वसतिगृहं, अभ्यासिका, क्लासेस, सनदी लेखापालांची कार्यालयं, झेरॉक्स आणि डीटीपीची दुकानं. शिकणाऱ्यांचा आणि शिकवणाऱ्यांचा हा रस्ता आहे. पहिल्या वर्षाला आलेलं पोर गावाकडून मोठ्या भावाचा जुना लॅपटॉप घेऊन येतं. तो चालता राहिला तर नव्या लॅपटॉपचे तीस-चाळीस हजार वाचतात आणि त्या पैशात खोलीचं भाडं निघतं. म्हणून हा प्रश्न मला हौशी मंडळींचा वाटत नाही.

दुरुस्तीच्या दुकानात यावर उत्तर तयार असतं: फॉरमॅट मारतो आणि लिनक्स टाकून देतो. उत्तर चुकीचं नाही. आज उबुंटू किंवा मिंट टाकायला अर्धा-पाऊण तास पुरतो. अडचण सहा महिन्यांनी सुरू होते. कुणी अपडेट दिलेलं नसतं, डिस्क भरलेली असते, कुठल्या तरी साइटवरून उचललेली आज्ञा टर्मिनलमध्ये चिकटवलेली असते, आणि एक दिवस लॉगिनचा पडदा पासवर्ड घेतो आणि पुन्हा पासवर्डच मागतो. मग सगळे म्हणतात, लिनक्स आपल्याला जमत नाही. बिघडतं ते यंत्र सांभाळणं, कारण ते आपण कधी शिकवलंच नाही. या लेखात त्याच्या सगळ्या बाजूंचा आढावा घ्यायचा आहे: टाकणं, वर सॉफ्टवेअर चढवणं, कुणाला काय करू द्यायचं हे ठरवणं आणि निगा राखणं.

मागचा इतिहास थोडक्यात. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, घोषणा केली, १९९२ मध्ये ते जीपीएल परवान्याखाली आलं, १९९३ मध्ये डेबियन प्रकल्प सुरू झाला आणि ऑक्टोबर २००४ मध्ये डेबियनच्याच पायावर उबुंटू उभं राहिलं. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांपर्यंत लिनक्स आलं ते बहुतांशी सीडीवरून. पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सची सीडी यायची. पुढे लिनक्स फॉर यू हे मासिकही तेच करू लागलं. उबुंटूवाले तर पत्ता कळवला की परदेशातून टपालानं फुकट सीडी पाठवत, ही सोय २०११ पर्यंत होती. मोडेमवर सहाशे एमबी उतरवणं अशक्य होतं त्या काळात पोस्टमननं आणून दिलेली ती सीडी म्हणजे मोठा ऐवज होता, आणि ती हातोहात फिरायची. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा गट उभा राहिला, रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयातल्या माणसांनी डेस्कटॉपच्या मराठीकरणाला मोठा हात दिला. आज पडद्यावर मराठी नीट उमटते, इनस्क्रिप्टनं टंकता येते, यामागे त्या काळातले बरेच कष्ट आहेत.

आता प्रत्यक्ष टाकण्याकडे. पेनड्राइव्ह बूटेबल करून त्यावरून यंत्र सुरू केलं की उबुंटू, मिंट यांसारख्या वितरणांत ‘आधी वापरून पाहा’ असा पर्याय मिळतो. डिस्कला हात न लावता सगळी प्रणाली मेमरीतून चालते. माझ्या मते या पायरीवर निदान एक दिवस घालवावा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो आणि उठतो का, हे तिथंच कळतं. आणि प्रिंटर. आपल्याकडच्या कार्यालयांत कॅननचा एलबीपी २९०० हा छोटा लेझर प्रिंटर घराघरांतल्या मिक्सरइतका पसरला आहे. तो कॅप्ट नावाच्या स्वतःच्या पद्धतीनं बोलतो, त्याचा ड्रायव्हर वितरणाच्या नेहमीच्या भांडारात नसतो, तो कंपनीच्या साइटवरून वेगळा आणून बसवावा लागतो आणि नव्या आवृत्त्यांवर तो बसवणं कटकटीचं असतं. उलट एचपीच्या बऱ्याच प्रिंटरांसाठी एचपीलिप हे पॅकेज भांडारातच असतं. काही मॉडेलांना वर एक प्लगइन लागतं एवढंच. झेरॉक्सच्या दुकानात लिनक्स घालायचं की नाही हा निर्णय कर्नलपेक्षा त्या टेबलावरच्या प्रिंटरवर जास्त अवलंबून असतो. हे आधी न पाहता यंत्र फॉरमॅट करणारा माणूस दुकानदाराचा पूर्ण दिवस बुडवतो.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचं असेल, म्हणजे ड्युअल बूट, तर आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, सुरू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी. बूटची व्यवस्था बदलली की विंडोज ती मागू शकतं, आणि की नसेल तर आतला मजकूर गेला. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करावं, नाहीतर विंडोज खऱ्या अर्थानं बंद होत नाही आणि लिनक्सला तो भाग फक्त वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही. तिसरी गोष्ट घड्याळाची. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, त्यामुळे भारतात विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसतं. वेळ चुकली की बँकेच्या साइटही प्रमाणपत्र अमान्य म्हणून उघडायला नकार देऊ शकतात. उपाय एका ओळीचा आहे, पण माहीत नसेल तर लोक मदरबोर्डचा सेल बदलत बसतात.

यंत्राची ताकदही पाहावी. उबुंटू २४.०४ च्या मुख्य डेस्कटॉपला ४ जीबी रॅम आणि २५ जीबी जागा सांगितलेली आहे. प्रत्यक्षात ४ जीबीत ब्राउझर उघडला की दम लागतो. तिथं मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू बरी. फार जुनी, ३२ बिटची यंत्रं असतील तर वाट अरुंद होत चालली आहे: उबुंटूच्या मुख्य डेस्कटॉपनं २०१७ मध्येच त्यांना निरोप दिला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नंही त्यांच्यासाठी इन्स्टॉलर दिलेला नाही. आणि एक सांगून ठेवतो: जुन्या यंत्रात छोटी एसएसडी घातली तर जो फरक पडतो तो कुठल्याही वितरणानं पडत नाही.

आता मुख्य विषय. विंडोजवर सॉफ्टवेअर टाकायचं म्हणजे कुठून तरी सेटअप फाइल आणायची आणि नेक्स्ट, नेक्स्ट करत जायचं, ही सवय आपल्या हातात इतकी भिनली आहे की लिनक्सवर आल्यावरही माणूस आधी ब्राउझर उघडतो. लिनक्समध्ये ते शेवटचं दार आहे. पहिलं दार म्हणजे वितरणाचं भांडार, ज्याला सगळे रिपॉझिटरी म्हणतात. डेबियन १३ च्या भांडारात जवळपास ७० हजार पॅकेजेस आहेत. प्रत्येक पॅकेजला कुणीतरी सांभाळणारा असतो. त्याला चालायला आणखी कोणती पॅकेजेस लागतात याची यादी त्यातच लिहिलेली असते. आणि भांडाराच्या सूचीवर डिजिटल सही असते, ती तुमचं यंत्र दर वेळी तपासून पाहतं. या भांडारातून पॅकेजेस आणणारं साधन म्हणजे ॲप्ट. ‘सुडो ॲप्ट अपडेट’ म्हटलं की फक्त ताजी यादी येते. ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’ म्हटलं की त्या यादीप्रमाणे जुनी पॅकेजेस बदलली जातात. बरेच विद्यार्थी पहिली आज्ञा देऊन यंत्र अद्ययावत झालं असं समजतात आणि महिनोन्‌महिने जुन्यावरच राहतात.

या भांडारात मराठी माणसाच्या कामाचं काय आहे, हे फार कमी जणांना माहीत आहे. ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ टाकलं की देवनागरीचा सुबक युनिकोड फाँट मिळतो. ‘ॲस्पेल-एमआर’ हा मराठी शुद्धलेखन तपासणीचा शब्दकोश आहे. आणि ‘टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर’ टाकलं की छापील मराठी पानाच्या स्कॅनमधून मजकूर काढता येतो. जुन्या पुस्तकांवर काम करणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याला त्या एका ओळीतून जे मिळतं त्यासाठी पूर्वी टंकलेखकाकडे आठवडे जात. चुका राहतात, हातानं सुधाराव्या लागतात, पण कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागत नाही.

ज्यांना टर्मिनलची भीती वाटते त्यांच्यासाठी सिनॅप्टिक आहे, मिंटचं सॉफ्टवेअर मॅनेजर आहे. खाली तेच ॲप्ट चालतं. अलीकडे स्नॅप आणि फ्लॅटपॅक या दोन नव्या पद्धती आल्या. त्यात कार्यक्रम आपली बहुतेक सामग्री सोबतच घेऊन येतो, म्हणून कुठल्याही वितरणावर चालतो आणि आवृत्ती ताजी मिळते. त्याची किंमत जागेत आणि वेळेत मोजावी लागते. उबुंटूनं फायरफॉक्स स्नॅपमध्ये नेला तेव्हा जुन्या हार्डडिस्कवर तो उघडायला लागणारा वेळ जगभर चर्चेचा विषय झाला, आणि मिंटनं तर २०२० पासून स्नॅप मुळातच बंद ठेवलं आहे. ज्या यंत्रासाठी आपण हा खटाटोप करतो आहोत ते जुनं असेल, तर माझा कौल आधी भांडारातल्या साध्या पॅकेजला, मग फ्लॅटपॅकला.

विश्वासाच्या प्रश्नावर जरा थांबायला हवं. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या साइटमध्ये चोर शिरले आणि त्यांनी उतरवून घेण्याच्या दुव्यामागे स्वतःची, मागचं दार ठेवलेली फाइल लावली. त्या दिवशी ज्यांनी फाइल उतरवली आणि चेकसम ताडून पाहिला नाही त्यांनी आपल्या हातानं चोराला घरात घेतलं. चेकसम ताडणं म्हणजे एक आज्ञा देऊन आलेला लांबलचक आकडा अधिकृत आकड्याशी जुळवणं, आणि शक्य असेल तर त्या आकड्यावरची सहीही तपासणं. एवढं करायला पाच मिनिटंही लागत नाहीत, पण दुकानात पेनड्राइव्हवर वर्षानुवर्षं फिरणाऱ्या फाइलच्या बाबतीत ते कुणी करत नाही.

दुसरी घटना त्याहून गंभीर. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं छोटं साधन, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते लासे कॉलिन नावाचा एक माणूस बरीच वर्षं जवळपास एकटा, विनामोबदला सांभाळत होता. जिया टॅन हे नाव घेतलेल्या कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ चांगलं काम करून त्याचा विश्वास मिळवला, सहसांभाळकर्त्याची जागा घेतली आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार पेरलं. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं ते जाहीर केलं. त्याला संशय आला कारण त्याच्या यंत्रावर एसएसएचचं, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरून आत येण्याचं, लॉगिन नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद उशिरा होत होतं. अर्धा सेकंद! आपलं यंत्र एरवी कसं वागतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याच्या ते लक्षात आलं. त्या आवृत्त्या डेबियनच्या चाचणी शाखेत आणि फेडोराच्या चाचणी आवृत्तीत पोचल्या होत्या. डेबियनची स्थिर आवृत्ती आणि उबुंटूच्या एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या, आवृत्त्या वाचल्या.

यातून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. शाळा, कार्यालय, प्रयोगशाळा इथं नेहमी स्थिर किंवा एलटीएस आवृत्तीच टाकावी. उबुंटूची एलटीएस दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं नेहमीचा आधार असतो, २४.०४ टाकलं तर २०२९ पर्यंत बेफिकीर. दुसरी गोष्ट, साइटवरून मिळालेली ‘कर्ल’नं सुरू होऊन ‘बॅश’वर संपणारी ओळ सुडो लावून चालवू नये. ती ओळ म्हणजे न वाचलेल्या कागदावर केलेली सही. हव्या त्या पॅकेजसाठी अनोळखी पीपीए, म्हणजे कुणीतरी बाहेर चालवलेलं खासगी भांडार, जोडायची सवयही तितकीच वाईट. आवृत्ती बदलताना त्या पीपीएंमुळेच अपग्रेड अडकतो.

परवानग्यांचा विषय विद्यार्थ्यांना सगळ्यात कोरडा वाटतो आणि तोच सगळ्यात जिवंत आहे. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्सची सुरुवात झाली, आणि लवकरच एका यंत्रावर अनेक माणसं काम करू लागली. म्हणून कुणाची फाइल कुणी वाचायची, कुणी बदलायची, हे पहिल्यापासून ठरवावं लागलं. मालक, गट आणि इतर; वाचणं, लिहिणं, चालवणं. त्या सगळ्यांच्या वर रूट, ज्याला काहीच मना नाही. सुडोची सोय अशी की रूटचा पासवर्ड न वाटता ठरावीक माणसाला ठरावीक वेळेपुरता तो अधिकार देता येतो, आणि कुणी काय केलं याची नोंद राहते. आपल्या कित्येक प्रयोगशाळांत मात्र ‘स्टुडंट’ नावाचं एकच खातं असतं, पासवर्ड फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो आणि त्याच खात्याला सुडोही दिलेलं असतं. मग एखाद्याची प्रात्यक्षिकाची फाइल दुसऱ्याकडून पुसली जाते आणि दोष लिनक्सवर जातो. फाइल उघडत नाही म्हणून सरसकट ‘सीएचमॉड ७७७’ मारणं हा त्याचाच भाऊ. प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळं खातं, वर्गासाठी एक गट आणि सुडो फक्त प्रयोगशाळा सहायकाला, एवढी मांडणी तीस यंत्रांसाठी एका दुपारचं काम आहे.

निगा राखण्यात पहिला शत्रू भरलेली डिस्क. ‘डीएफ’नं किती जागा उरली ते दिसतं, ‘डीयू’नं कुणी खाल्ली ते. मूळ विभाग शंभर टक्के भरला की प्रणालीला स्वतःच्या छोट्या फाइलीही लिहिता येत नाहीत, आणि सुरुवातीला म्हटलं तसं लॉगिनचं चक्र सुरू होतं. जुनी कर्नलं साठून वेगळा ठेवलेला बूट विभाग भरणं हाही नेहमीचा प्रकार. ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ त्यासाठीच आहे.

दुसरा शत्रू वीज. लोडशेडिंगचे ते दिवस आठवा. एक्स्ट२ फाइलप्रणाली असताना वीज गेली की पुढच्या वेळी सगळी डिस्क तपासून होईपर्यंत ताटकळत बसावं लागायचं. नंतर आलेल्या एक्स्ट३ आणि २००८ नंतर रूढ झालेल्या एक्स्ट४ मध्ये जर्नल असतं. बदल आधी नोंदला जातो, म्हणून फाइलींची रचना सहसा शाबूत राहते. न जतन केलेलं पत्र मात्र गेलं ते गेलंच. अपग्रेड चालू असताना वीज गेली तर पॅकेजेस अर्धवट बसतात आणि ॲप्ट रुसून बसतो. तेव्हा फॉरमॅट मारायचं काही कारण नाही: ‘सुडो डीपीकेजी’ला सगळी अर्धवट कामं पुरी करायला सांगणारा ‘कॉन्फिगर’ पर्याय आहे, बहुतेक वेळा तेवढ्यानं गाडी रुळावर येते. कुलूप लागलं आहे, म्हणजे डीपीकेजीचं लॉक मिळत नाही, असा संदेश आला तर घाबरून कुलपाची फाइल पुसू नये. बहुधा मागे आपोआप अपडेट चालू असतं. दहा मिनिटं थांबावं.

काय बिघडलं हे यंत्र स्वतः लिहून ठेवतं. ‘जर्नलसीटीएल’ आणि ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’ या दोन आज्ञा वाचता आल्या की निम्मी दुरुस्ती झाली. बॅकअपबाबत एक गैरसमज पसरलेला आहे तोही सांगतो. मिंटसोबत येणारं टाइमशिफ्ट हे प्रणाली मागे नेण्यासाठी आहे. तुमचे प्रबंध, फोटो, हिशेब ते मुळात धरत नाही. त्यासाठी ‘आरसिंक’ किंवा देजा-डूप, आणि वेगळी डिस्क. त्याच डिस्कवर केलेली प्रत ही प्रत नसते.

प्रयोगशाळेसाठी आणखी एक साधन मला फार मोलाचं वाटतं: ॲप्ट-कॅशर-एनजी. तीस यंत्रांना तेच अपडेट हवं असतं. एका यंत्रावर हे बसवलं की पॅकेज एकदाच बाहेरून येतं आणि बाकीची एकोणतीस यंत्रं ते आतल्या जाळ्यातून घेतात. इंटरनेट मंद आहे म्हणून अपडेट देत नाही, ही सबब त्यानं संपते.

हे सगळं शिकवतं कोण? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत संगणकशास्त्राची प्रात्यक्षिकं अनेक ठिकाणी लिनक्सवर होतात. मुलं जीसीसीवर सी चालवतात, पोस्टग्रेसवर तक्ते करतात, पण ते पोस्टग्रेस बसवलं कुणी आणि बंद पडलं तर सुरू कसं करायचं हे त्यांच्या वाट्याला येत नाही. वहीत ‘एलएस’, ‘ग्रेप’, ‘व्हीआय’ यांचे पर्याय पाठ असतात. बाजारातल्या नोट्स तर अजून ‘आयएफकॉन्फिग’ आणि ‘इनिट.डी’वर अडल्या आहेत. डेबियन आणि उबुंटू दोन्ही २०१५ मध्ये सिस्टमडी या सेवा सुरू-बंद करणाऱ्या नव्या व्यवस्थेवर गेले, आणि नव्या डेबियनवर ‘आयएफकॉन्फिग’ दिलं तर आज्ञा सापडत नाही असं उत्तर येतं. एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमानं महाराष्ट्रात घरोघरी संगणक पोचवला हे मोठं काम, पण तिथं हात बसला तो विंडोजवर.

मराठीतून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प हा आजही सगळ्यात भरवशाचा आधार आहे. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली, केंद्राच्या निधीतून उभा राहिलेला. सुमारे दहा-दहा मिनिटांचे धडे, पडद्यावर जे चाललं आहे ते मराठी आवाजात सांगितलेलं, शेजारी आपलं यंत्र ठेवून धडा थांबवत थांबवत करून पाहायचं अशी त्याची बांधणी. लिनक्सच्या मालिकेत सिनॅप्टिक आहे, फाइलप्रणाली, प्रक्रिया, परवानग्या आहेत, प्राथमिक सिस्टम ॲडमिनिस्ट्रेशनही आहे. काही धडे उबुंटूच्या जुन्या आवृत्त्यांवर ध्वनिमुद्रित झाले, त्यामुळे मेनू आज वेगळे दिसतात. आज्ञा बव्हंशी तशाच आहेत. शिक्षकानं आधी स्वतः करून पाहून मग वर्गात लावावेत.

महाराष्ट्रानं एक धाडस पूर्वी केलं होतं. २००७ मध्ये ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा भारतातला पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरात या वाडीच्या छोट्या शाळेत झाला. ती हिरवी-पांढरी यंत्रं फेडोरावर चालायची. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या मंडळींनी पुढे तिथं लक्ष घातलं. मुलांनी यंत्रं पटकन आपलीशी केली. प्रयोग मात्र एका शाळेपुरता राहिला, दुसऱ्या शंभर शाळांत तेच सांभाळू शकतील अशी माणसं तयार झाली नाहीत.

केरळनं तीच माणसं तयार केली. तिथल्या आयटी@स्कूल प्रकल्पानं शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेताना आधी शिक्षकांतून प्रशिक्षक घडवले, शाळांसाठी स्वतःचं उबुंटू-आधारित वितरण बांधलं, आणि दहावीची संगणक परीक्षाही त्यावर घेतली. २०१८ मध्ये ‘लिटल काइट्स’ हे विद्यार्थ्यांचे गट सुरू झाले. शाळेतली यंत्रं नीट ठेवायला तीच मुलं हात लावतात. याच्या उलट म्युनिक. त्या शहरानं २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतायचं ठरवलं. त्यात राजकारण होतं, फाइलींच्या देवाणघेवाणीच्या तक्रारी होत्या, आणि सांभाळणारी यंत्रणा विस्कळीत होती. इतका पैसा आणि इतके अभियंते असलेल्या शहरात जे झालं ते आपल्याकडे आपोआप टळेल असं मानू नये.

लिनक्स कुठं टाकू नये, हेही सांगितलं पाहिजे. टॅलीवर दिवसभर काम करणाऱ्या कार्यालयात नको. टॅली विंडोजसाठी आहे आणि वाइन या विंडोजचे कार्यक्रम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनातून चालवून आर्थिक वर्षाचे हिशेब धोक्यात घालण्यात शहाणपण नाही. ज्या डीटीपीच्या दुकानात पेजमेकर, कोरलड्रॉ आणि श्रीलिपीच्या जुन्या फाँटमधल्या वीस वर्षांच्या लग्नपत्रिका साठल्या आहेत तिथंही नको. डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्यांनी आधी आपल्या टोकनचा ड्रायव्हर आणि आपल्या पोर्टलचं सही करणारं साधन लिनक्सवर चालतं का ते पाहावं. अशा ठिकाणी आग्रह धरला की लिनक्सची बदनामी होते. अभ्यासिका, शाळेची प्रयोगशाळा, ग्रंथालयाचा शोध-संगणक, विद्यार्थ्याचा लॅपटॉप, घरातल्या आजी-आजोबांचं ब्राउझिंग आणि व्हिडिओ कॉल, इथं मात्र ते आजच टाकावं.

या रस्त्याला लागणारी गोष्ट याच रस्त्याच्या टोकाला होऊ शकते. मुक्त विद्यापीठाची स्थापनाच १९८९ मध्ये वर्गाबाहेरच्या माणसाला शिकवण्यासाठी झाली. दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा मुलगा, प्रयोगशाळा सहायक, जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका यांच्यासाठी तीन-चार महिन्यांचा, पूर्ण मराठीतला, यंत्र सांभाळण्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम तिथं असावा असं मला मनापासून वाटतं. धड्यांसाठी स्पोकन ट्युटोरियल आहेत, सरावासाठी भंगारात निघालेली यंत्रं आहेत, शिकवायला केटीएचएम आणि अभियांत्रिकीतली शेवटच्या वर्षाची मुलं आहेत.

परीक्षा लेखी नको. उमेदवारासमोर एक जुना संगणक ठेवावा, ज्याची डिस्क काठोकाठ भरली आहे, अपग्रेड वीज गेल्यामुळे अर्धवट अडकला आहे, यादीत एक मेलेला पीपीए आहे, घड्याळ साडेपाच तास मागे आहे आणि एका वापरकर्त्याला स्वतःच्याच फाइली उघडता येत नाहीत. शेजारी एक प्रिंटर आणि एक रिकामी डिस्क. वेळ दोन तास, इंटरनेट चालू, मदतीची पानं हवी तितकी वाचायची मुभा, फॉरमॅट मारायला बंदी. पहिले गुण सर्वांत आधी बॅकअप घेतल्याबद्दल, आणि शेवटचे गुण काय सापडलं, काय बदललं हे पुढच्या माणसासाठी मराठीत वहीत लिहून ठेवल्याबद्दल.